एकोणीस वर्षं झाकलेली गाडी

स्टोअरसाहेबांनी बत्तीस वर्षांत कारखान्यातल्या एकाही माणसाला पहिल्या मागणीला काही दिलं असेल तर शप्पथ. कारखाना पंप बनवायचा आणि हे त्याचं स्टोअर सांभाळायचे, म्हणजे जाळीच्या खिडकीआड बसून लोकांना परत पाठवायचे. फिटर यायचा, म्हणायचा, "साहेब, दोन बेअरिंग द्या." साहेब चष्म्यावरून बघायचे. "जुनी कुठायत?" "जुनी फुटली." "फुटली म्हणजे किती फुटली? आण, बघू." तो बिचारा तेलकट हातांनी परत जायचा, फुटकी बेअरिंगं घेऊन यायचा, आणि साहेब ती उजेडात धरून म्हणायचे, "अजून महिनाभर चाललं असतं की रे!"

कारखान्यात माल बनवायचा तर माल वापरावा लागतो, ही गोष्ट त्यांना कुणी कधी समजावलीच नाही. स्टोअर भरलेलं दिसलं की त्यांचं पोट भरायचं. प्रत्येक खणाला त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी, प्रत्येक डब्याचं तोंड भिंतीकडून बरोबर चार बोटांवर. बघायला आलेले मोठे साहेब खूश व्हायचे, पाठ थोपटायचे आणि निघून जायचे. खाली यंत्रं बंद पडून माणसं हात चोळत बसलेली असायची, पण ते बघायला वरचे साहेब कशाला खाली उतरतात!

मग निवृत्तीचा दिवस आला. भाषणं झाली, एक घड्याळ मिळालं, ते त्यांनी खोक्यासकट कपाटात ठेवलं. पंधरा दिवसांनी नव्या स्टोअरकीपरचा फोन आला. मागच्या रॅकवर त्याला रबरी सीलचे अकरा डबे सापडले होते. डब्यांना मूळची चिकटपट्टी तशीच होती, त्यांतलं एकही सील बाहेर गेलेलं नव्हतं. त्यानं एक उचललं तर बोटांत काळा चुरा आला. दुसरं उचललं, तेही तसंच. "साहेब, सगळं गेलं की हो हे."

"हात कशाला लावलास?" साहेब म्हणाले. "हात लावला नसतास तर चांगलं होतं ना!"

आणि हे त्यांनी चेष्टेत म्हटलं नव्हतं, बरं का. चेष्टा हा खणच त्यांच्या रॅकवर नव्हता.

घरीही हीच तऱ्हा. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, त्यामुळे आवाज वाढवायला दोन अंगठे लागायचे. लग्नात मिळालेला कपबशांचा सेट काचेच्या कपाटात चौतीस वर्षं उभा, आणि पाहुण्यांना चहा कान तुटलेल्या कपांत. आठ नवे शर्ट टाचण्यांसकट घडीत, आणि अंगात कॉलर उलटून शिवलेला. दाराशेजारी खुंट्यांची फळी. कारखान्यात अवजार नेणारा आपला पितळी बिल्ला खुंटीला अडकवून जायचा, म्हणजे वस्तू कुणाकडे आहे ते कळतं. साहेबांनी हीच पद्धत घरात आणली. कात्री, बॅटरी, छत्री, सगळ्यांना खुंट्या. स्वतःचा बिल्ला एक नंबर, बायकोचा दोन. स्वतःच्या घरात भाजीची जुडी सोडायला कात्री हवी तर त्या बाईनं आधी बिल्ला अडकवायचा! सुरुवातीला ती हसली. मग भांडली. मग तिनं स्वतःची एक कात्री आणून पिठाच्या डब्यात लपवली, आणि संसार सुरळीत चालला.

फळीवरच्या सर्वांत वरच्या खुंटीला मात्र दोन नंबरचा बिल्ला कधी लागला नाही. ती खुंटी गाडीच्या किल्लीची.

गाडी घेतली त्याला एकोणीस वर्षं झाली. पांढरी, चार दारांची, साधी. त्याच आठवड्यात, त्याच शोरूममधून, त्याच रंगाची, तीच गाडी इमारतीतल्या तळमजल्यावरच्या बेकरीवालीनंही घेतली होती. नवरा गेलेला, भट्टी अंगावर पडलेली, गावभरच्या दुकानांना पाव पोचवायचे होते. तिनं दुसऱ्याच दिवशी मागची सीट काढून टाकली आणि तिथे पावाचे क्रेट रचले. वरच्या गॅलरीतून साहेबांनी ते पाहिलं. "गाडीची माती करणार ही बाई," ते बायकोला म्हणाले. "दोन वर्षं. लिहून ठेव."

स्वतःच्या गाडीला त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं. सीटवरचं नव्या गाडीबरोबर आलेलं प्लास्टिक तसंच ठेवलं. उन्हाळ्यात बायको त्याला चिकटायची आणि उतरताना चर्रकन आवाज यायचा, पण प्लास्टिक काढायची बात नाही. दार लावायचं ते दोन्ही हातांनी, हलकेच. गाडीत बोलताना हातवारे नाहीत, खाणं नाही, पाण्याची बाटली मांडीत उभी धरायची. वर जाड खाकी कव्हर, त्याला सहा नाड्या. त्या सोडायला दहा मिनिटं, बांधायला पंधरा. पार्किंगमधली पोरंटोरं त्यांना 'कव्हर' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

शनिवार हा गाडीचा दिवस. सकाळी नऊला नाड्या सोडायच्या, इंजिन जागच्या जागी दहा मिनिटं चालू ठेवायचं, टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून गाडी वीतभर पुढे, वीतभर मागे. मग पुसायची, झाकायची. निवृत्तीनंतर साहेबांना वाटलं, दहा मिनिटंसुद्धा इंजिन उगाच झिजतंय. त्यांनी एक शनिवार सोडून एक केला. वर्षातून पाच-सहा वेळा गाडी रस्त्यावर यायची, तीही इन्शुरन्सचं काम असेल, नाहीतर कुणाला तरी दाखवायची असेल तर.

इमारतीतले बाकी लोक दर चार-पाच वर्षांनी गाडी बदलायचे. साहेबांचा स्वतःचा मुलगा तर तीन वर्षांत बदलायचा, आणि दर वेळी फोनवर सांगायचा, "बाबा, ती विका आता, लोक हसतात." साहेबांना हेच हवं असायचं. ते जिन्यात, लिफ्टपाशी, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, समोरचा सापडेल तिथे त्याला गाठायचे. "किती वर्षं झाली तुमच्या गाडीला? चार? आणि बदलताय? अहो, आमची एकोणीस वर्षांची. इंजिनला अजून पाना लागलेला नाही. तुमची पिढी म्हणजे वापरा आणि फेका." समोरचा मान डोलवायचा. किती किलोमीटर झाले, हे विचारायचं कुणाला सुचायचं नाही, आणि साहेब आपणहून सांगायचे नाहीत.

चौदा हजार झाले होते. एकोणीस वर्षांत चौदा हजार! एवढं तर बेकरीवालीची गाडी सहा महिन्यांत करायची.

तिच्या मीटरवर सहा लाख बारा हजार होते. 'दोन वर्षं' म्हणून ज्या गाडीची मुदत साहेबांनी ठरवली होती, ती रोज पहाटे धूर न सोडता चालू व्हायची, नव्वद-शंभर किलोमीटर फिरायची आणि दुपारी येऊन साहेबांच्या झाकलेल्या गाडीशेजारी उभी राहायची. डाव्या दाराला पोचा, बंपर तारेनं बांधलेला, आत टोस्टचा वास आणि कोपऱ्याकोपऱ्यात चुरा. बाई तेल मात्र वेळेवर बदलायची. पाइप, पट्टे, ब्रेकची रबरं जुनी दिसली की फुटायची वाट न बघता काढून टाकायची. एकदा ती साहेबांना म्हणाली, "भाऊ, माझीपण एकोणीस वर्षांचीच आहे, माझंपण सांगत चला की लोकांना." साहेब म्हणाले, "तुमची गाडी नाही, ती भट्टीची हातगाडी आहे." बाई खो खो हसली. हसण्याचा तिला अजिबात कंटाळा नव्हता.

आता खरी गोष्ट. साहेबांच्या बायकोला एकच सख्खी बहीण, आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे हिची वेणी घालण्यापासून हिला शाळेत सोडण्यापर्यंत सगळं त्या ताईनं केलेलं. ताई राहायची दीडशे किलोमीटरवर. आधी बायको बसनं जाऊन यायची, वर्षातून तीन वेळा, चार वेळा. मग हिचे गुडघे गेले, दोन्हींचं ऑपरेशन झालं, आणि बसच्या पायऱ्या संपल्या. तेव्हापासून ती नवऱ्याला म्हणायची, "अहो, आपण गाडीनं जाऊन येऊ ना ताईकडे." साहेब कधीच नाही म्हणायचे नाहीत. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, ते फक्त द्यायचे नाहीत. उन्हाळ्यात म्हणायचे, रस्ता तापलाय, टायर खराब होतील. पावसाळ्यात म्हणायचे, खालून गंज धरेल. हिवाळ्यात रस्त्याचं काम चालू असायचं. असं करता करता सहा वर्षं गेली. दोघी बहिणी फोनवर बोलत राहिल्या.

मग एका गुरुवारी ताईच्या सुनेचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे साहेबांनीही ऐकला.

"मावशी, तुम्हाला माहितीच आहे आईंचं विसरणं. आता वाढलंय हो. सकाळी छान असतात, सगळ्यांना ओळखतात, तुमच्या लहानपणीचं सांगत बसतात. अकरा वाजले की हळूहळू सगळं पुसट होतं. मग मलाही ओळखत नाहीत. डॉक्टर म्हणतात, सकाळचंसुद्धा आता फार दिवस राहणार नाही. आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं आम्ही त्यांना मोठ्या दिरांकडे नेतोय, तिकडे उपचार आहेत. दोन दिवसांचा प्रवास. परत आणणं काही होईल असं वाटत नाही. यायचं तर त्याआधी या. पण सकाळी या हं मावशी, अकराच्या आत. दुपारी येऊन काही उपयोग नाही."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "उद्या जाऊ या."

"उद्या? अशी गाडी उद्या निघते होय?" साहेब म्हणाले. "तीनशे किलोमीटरचा प्रवास आहे जाऊन-येऊन. तयारी नको? हवा बघायची, पाणी बघायचं, बॅटरी बघायची. शनिवारी तयारी करतो, रविवारी सात वाजता निघू, दहाला तिथे. अकराला एक तास शिल्लक."

"रविवारचा एकच दिवस उरतो मग. मी खाली विचारते ना, बेकरीवालीला. ती शुक्रवारी नेईल आपल्याला, लगेच नेईल."

साहेबांचा चेहरा असा झाला की जणू तिनं शेजाऱ्याची चप्पल घालून फिरायला सांगितलंय. "घरात स्वतःची गाडी असताना पावाच्या गाडीत बसून जायचं? लोक काय म्हणतील? एकोणीस वर्षं कशासाठी जपली मग? अशाच वेळेसाठी ना?"

हे शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या मनापासून म्हटलं की बायकोनं खाली विचारायचा बेत सोडला. तिलाही वाटलं असेल, खरंच असेल बाबा, याच दिवसासाठी असेल. ती बिचारी शनिवारभर ताईसाठी शोधाशोध करत राहिली. दोघींचा शाळेच्या गणवेशातला एक फोटो होता, तो तिनं मोठा करून आणला.

शनिवारी साहेबांनी गाडी अशी चकचकीत केली की तिच्यात तोंड बघून दाढी करावी. डिकीत त्यांनी एक डबा ठेवला. त्यात गाडी घेतली त्याच महिन्यात आणलेले सुटे भाग होते, फॅनचा पट्टा, रेडिएटरचा पाइप, क्लिपा, सगळं कंपनीच्या सीलबंद पाकिटात. एकोणीस वर्षं त्या पाकिटांना नख लागलं नव्हतं. बायकोला दाखवून म्हणाले, "बघ. याला म्हणतात तयारी."

रविवारी सातला निघाले. बायकोला सहालाच निघायचं होतं, पण साहेबांना टायरमधली हवा पुन्हा बघायची होती. मोठ्या रस्त्यावर त्यांनी गाडी पंचावन्नच्या वर नेली नाही. ट्रकवाले हॉर्न मारत पुढे गेले, एका मोटारसायकलवर तर दोघं जण आणि एक कपाट पुढे गेलं. बायको फोटो मांडीवर धरून प्लास्टिकवर ताठ बसली होती. "जरा वेगात घ्या ना," ती एकदा म्हणाली. "इंजिनला सवय नाही," साहेब म्हणाले. हे त्यांच्या तोंडून निघालेलं त्या दिवसातलं एकमेव खरं वाक्य होतं, आणि ते त्यांना स्वतःला ऐकू आलं नाही.

बेचाळिसाव्या किलोमीटरला बॉनेटमधून फुस्स आवाज आला आणि समोरची काच वाफेनं पांढरी झाली. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. रेडिएटरचा वरचा पाइप लांबच्या लांब फाटला होता. आठ वाजायला दहा कमी होते.

"काही घाबरू नकोस," साहेब म्हणाले, आणि खरं सांगायचं तर ते खुशीत होते. एकोणीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता. त्यांनी डबा आणला, इंजिन गार होईपर्यंत अर्धा तास थांबले, पाकिटाचं सील ब्लेडनं सरळ रेषेत कापलं, कोरा करकरीत पाइप बाहेर काढला. तेवढ्या वेळात दोन बस गेल्या. दुसऱ्या बसचा कंडक्टर दारातून विचारत होता, "येणार का बाई? पायरीला हात देतो." बायको उठायला लागली तर साहेब म्हणाले, "अगं, दहा मिनिटांचं काम आहे." पाइप बसवला, पाणी भरलं. पावणेनऊला निघाले. बायकोनं घड्याळ पाहिलं आणि बोटांवर हिशेब केला. पोचू. अजूनही पोचू.

नऊ किलोमीटर गेले आणि पुन्हा फुस्स.

या वेळी नशिबानं शेजारीच पंक्चरचं दुकान होतं. दुकानवाला म्हातारा टायर सोडून उठला, येऊन वाकला, आणि त्यानं पाइपाची कड दोन बोटांत चिमटीत धरली. काळे तुकडे खाली पडले.

"हा कधीचा पाइप?"

"नवा आहे. आत्ताच पाकिटातून काढला. ओरिजिनल आहे, कंपनीचा."

"पाकिटात कधीचा होता?"

साहेबांनी सांगितलं. म्हाताऱ्यानं आधी त्यांच्याकडे, मग गाडीकडे, मग सीटच्या प्लास्टिककडे पाहिलं. टायरला अंगठा लावून बारीक भेगा दाखवल्या. "साहेब, रबर आहे हे. पाकिटातसुद्धा म्हातारं होतं. गाडी चालवली असती तर पाइप कधीच बदलला गेला असता. बिनकामी मेलाय तो." मग कपाळाला हात लावून म्हणाला, "असो. माझ्याकडे साधा जाड पाइप आहे. तुकडा कापतो, दोन क्लिपा मारतो. दहा मिनिटं. दोनशे किलोमीटर आरामात जाल."

आता तुम्हीच सांगा, याला कुणी नाही म्हणेल का? पण समोर स्टोअरसाहेब होते.

"साधा? म्हणजे पाण्याचा? या गाडीला?" त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "एकोणीस वर्षांत बाहेरचा एक स्क्रू लागलेला नाही हिला. मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करतो, ते ओरिजिनल घेऊन येतील."

"अहो, लावू द्या ना त्यांना," बायको म्हणाली. "नऊ वाजून गेले. मी पाया पडते तुमच्या, लावू द्या."

"तुला कळत नाही त्यातलं."

त्यांनी फोन केला. रविवार असल्यामुळे सर्व्हिस सेंटर बंद होतं. दुसरीकडे केला, तिथे एक बाई 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणत राहिली आणि साहेब खरोखर प्रतीक्षा करत राहिले, फोन कानाला लावून, रस्त्याच्या कडेला, वीस मिनिटं. म्हातारा खांदे उडवून आपल्या टायरकडे परत गेला. बायको थोडी लांब जाऊन झाडाखाली उभी राहिली आणि तिनं आपला फोन काढला. कुणाला विचारलं नाही.

बेकरीवाली पावाच्या फेरीवर होती. "वहिनी, तिथेच उभ्या राहा," एवढंच म्हणाली. सव्वादहाला ती सहा लाख किलोमीटर झालेली गाडी धडधडत आली, मागे अर्धे क्रेट भरलेले, बंपर तारेवर नाचत होता. "बसा," बाई म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. साहेबांना त्याचंच जास्त लागलं.

"मी गाडी अशी रस्त्यावर सोडून कसा येऊ?" साहेब म्हणाले.

"या नाहीतर राहा," बायको म्हणाली, आणि पुढच्या सीटवर बसून तिनं दार आपटलं. चौतीस वर्षांत तिनं आपटलेलं हे पहिलं दार.

त्यांनी यायचं ठरवलं. पण आधी डिकीतून कव्हर काढलं. हो, काढलं! दोघी बाया गाडीत बसून बघत होत्या आणि हे गृहस्थ हमरस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या गाडीला कव्हर घालत होते. चार नाड्या बांधून झाल्यावर बेकरीवालीनं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. उरलेल्या दोन तशाच सोडून साहेब मागे क्रेटच्या मधे जाऊन बसले, गुडघे हनुवटीला, डोक्यावर बनपाव.

आणि ती गाडी पळाली. सगळे आवाज करत, सगळी दारं खडखडत, पण टेंपरेचरचा काटा जागचा हलला नाही. चढावर गिअर पडले, उतारावर ती ऐंशीला गेली. साहेबांना मागून मीटर दिसत होतं. त्यांच्या देखत सहा लाख बारा हजारांवर आणखी शंभर किलोमीटर चढले. बायकोनं फक्त दोनदा विचारलं, "किती वाजले?" आणि दुसऱ्या वेळी अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

पोचले तेव्हा बाराला पाच कमी. सून दारातच उभी होती. घरात बॅगा भरून ठेवलेल्या. "मावशी," ती म्हणाली. "आठ वाजल्यापासून खिडकीत बसल्यायत. स्वतः केस विंचरून घेतले. तुम्ही पावसात भिजून आलात म्हणून मार खाल्लात, ती गोष्ट मला तीनदा सांगितली. सव्वाअकरापर्यंत तुमचंच चाललं होतं."

ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. बारीक झाली होती. बायकोनं तिच्यापुढे बसायला गुडघे वाकवले, ते नीट वाकेनात, तरी वाकवले, आणि तिचे हात हातात घेतले. ताईनं घेऊ दिले. परक्या माणसाशी वागावं तशी ती आदबीनं हसली.

"कुणाकडे आलात आपण?"

"ताई, मी आलेय गं. मी." तिनं फोटो पुढे धरला. ताईनं तो पाहिला, छान आहे म्हणाली, आणि परत दिला.

साहेब दारातून आत आले. शर्टाला पावाचा चुरा लागलेला होता. काहीतरी बोललं पाहिजे असं वाटून ते खुर्चीसमोर येऊन उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "ताई, ओळखलंत का? उशीर झाला जरा. रस्त्यात थोडा..."

ताईच्या कपाळाला आठी पडली. "तुम्ही जरा बाजूला व्हाल का?" ती म्हणाली. "रस्ता दिसत नाही मला. माझी धाकटी बहीण यायचीय. काळजी नाही म्हणा, त्यांची स्वतःची गाडी आहे. जावईबापू फार जपतात हो गाडीला. येईलच ती."

साहेब बाजूला सरकले.